पोरं लाडू वळत नाहीत? मग ट्रफल वळू द्या

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी इथे रेडिंगला आमच्या मंडळाची दिवाळीच्या तयारीची बैठक होती. कोणी काय आणायचं याची यादी चालली होती. चकल्या, शेव, दोन प्रकारचे चिवडे, आणि बेसनाचे लाडू पुण्याहून मागवायचे की इथल्याच एका काकूंकडून घ्यायचे यावर वीस मिनिटं चर्चा. मी म्हटलं, "आमच्याकडून पोरं चॉकलेटचे ट्रफल करून आणतील. साठेक होतील." जरा शांतता पसरली. मग एक ताई म्हणाल्या, "अहो, फराळाच्या ताटात ट्रफल? मग ख्रिसमसला काय, अनारसे?" सगळे हसले. मीही हसलो. पण परतताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ताईंच्या बोलण्यात तथ्य होतं. फराळातल्या एकेका पदार्थामागे घरातलं कोणीतरी उभं असतं. ते काढून तिथे चॉकलेट ठेवलं तर उरलं काय?

तरीही यंदा आमच्याकडून ट्रफलच जाणार आहेत. का, ते सांगतो.

आधी एक प्रश्न, रागावू नका. तुमच्या मुलांनी शेवटचा लाडू कधी वळला? खाल्ला कधी ते विचारत नाहीये, वळला कधी? आमच्याकडचं उत्तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत "कधीच नाही" असं होतं. मी कराडचा. आमच्या लहानपणी आई तास-दीड तास बेसन भाजत बसायची, वास पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा, आणि वळायची वेळ झाली की परातीभोवती घरातली सगळी पोरं. मुलगे-मुली असा भेद नव्हता, हात लागायचे. डिंकाचे लाडू तर पाक गार व्हायच्या आत उरकावे लागायचे, तेव्हा शेजारच्या पोरांनाही हाक जायची. पहिला लाडू कोणाचाच धड व्हायचा नाही. पाचवा-सहावा जमायचा. त्या अर्ध्या तासात घरातल्या किती गोष्टी कानावर पडायच्या! कोणाचं लग्न जमतंय, कोणी कोणाशी बोलत नाही, आजोबांनी शाळा का सोडली. मला माझ्या घराबद्दल जे माहीत आहे त्यातलं निम्मं मी हात तुपाने माखलेले असताना ऐकलंय.

इथे काय होतं? बायको नर्स आहे, तिच्या पाळ्या. मी संध्याकाळी साडेसहाला घरी. बेसन भाजायला घेतलं की पंधराव्या मिनिटाला धुराचा अलार्म बोंबलतो, मग एकजण टॉवेल हलवत खुर्चीवर उभा. मुलं आली की आपण म्हणतो, "बाहेर जा, भाजेल." मुलं बाहेर जातात. मग लाडू तयार होऊन डब्यात येतात आणि आपण त्यांना सांगतो, खा, हे आपलं आहे. त्यांच्या दृष्टीने ते आपलं कशावरून? पुण्याहून कुरिअरने आलेला डबा आणि सुपरमार्केटातला बिस्किटाचा पुडा यात त्यांना फरक एवढाच दिसतो की एकावर बदकाचं चित्र आहे.

दोन वर्षांपूर्वी आई सहा महिन्यांसाठी आली होती. सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, तरी तिने आल्या आल्या बेसनाचे लाडू केले. आमचा मोठा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचा मित्र घरी आला होता, त्याने विचारलं हे काय आहे, तर आमच्या चिरंजीवांनी खांदे उडवत इंग्रजीत सांगितलं, असंच, पिठाचा गोळा असतो, तुला नाही आवडणार. आई शेजारी बसली होती. तिला इंग्रजी येत नाही असं आम्ही धरून चालतो. रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "पीठच असतं म्हणा ते." आणखी काही बोलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पोराला रागावलो नाही. त्याने खोटं काय सांगितलं? त्याला त्या गोळ्याबद्दल तेवढंच ठाऊक होतं.

मग ऑक्टोबरची हाफ टर्म आली. आठवडाभर शाळा बंद, बाहेर सतत रिपरिप, बायकोची दिवसपाळी. मी रजा घेऊन घरात. मुलांना गुंतवायला काहीतरी हवं म्हणून चॉकलेटचे ट्रफल करू म्हटलं. लाडू, संस्कृती वगैरे काही डोक्यात नव्हतं. इतकंच की यात गॅसशी फारसा संबंध नाही, ओव्हन नाही, म्हणून "बाहेर जा" म्हणावं लागणार नाही.

आता कृती सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त तेवढीच हवी आहे ते मोकळे.

२०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून घ्या. मुलांसाठी ५० ते ५५ टक्के कोको पुरे. सत्तर टक्क्यांचं कडू लागतं आणि मिश्रण फाटायचीही शक्यता जास्त. १०० मिली डबल क्रीम पातेल्यात कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू नका. अमेरिकेत याला हेवी क्रीम म्हणतात. सिंगल क्रीम नको, पातळ राहतं. गरम क्रीम चॉकलेटवर ओता, चमचाभर लोणी टाका आणि दोन मिनिटं हात लावू नका. हीच सगळ्यात अवघड पायरी आहे, कारण मुलांना दोन मिनिटं हात न लावता बसवायचं असतं. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला हळूहळू ढवळा. चकचकीत झालं की ५० ग्रॅम भाजलेल्या बदामांची किंवा हेझलनटची भरड घाला आणि फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. तूप सुटल्यासारखं झालं, फाटलं, तर घाबरू नका. चमचाभर कोमट दूध घालून ढवळा, बहुतेकदा सावरतं. मात्र नुसतं चॉकलेट वितळवत असाल तर त्यात पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, लगेच गच्च होऊन बसतं. सुमारे पंचवीस होतात. कोको पावडरीत, खोबऱ्याच्या किसात किंवा बदामाच्या कुटात घोळवा. वरून चॉकलेटचं कडक चकचकीत कवच देण्याच्या भानगडीत पडू नका, ते तापमान सांभाळत करायचं वेगळं शास्त्र आहे. ट्रफल हे नावच मुळी मातीत सापडणाऱ्या त्या ओबडधोबड बुरशीवरून आलंय. ते ओबडधोबडच दिसायला हवेत.

दुसरा प्रकार क्रीमशिवायचा, आणि खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडतो. २०० ग्रॅम मऊ खजूर, १०० ग्रॅम अक्रोड, ५० ग्रॅम बदाम, तीन मोठे चमचे कोको, चिमूटभर मीठ. अक्रोड-बदाम मंद आचेवर खमंग भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मिक्सरला लावले तर तेल सुटून लगदा होतो. थांबत थांबत फिरवा, भरड झाली की खजूर आणि कोको घालून पुन्हा फिरवा. मिश्रण मुठीत दाबलं की एकत्र राहिलं पाहिजे. खजूर कोरडा असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून पिळून घ्या. दुबई-मस्कतवाल्यांनो, तुमच्याकडे खजुराची चंगळ, आणि तिथल्या हवेत क्रीमचे ट्रफल टेबलावर तग धरणारही नाहीत, तेव्हा तुम्ही हेच करा.

खजुराच्या बिया काढायचं काम धाकटीकडे होतं. ती तेव्हा पाच वर्षांची. खजूर मोजायचे, मग बिया मोजायच्या, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, म्हणजे एखादी बी आत राहून कोणाचा दात जायला नको. मोजणी मराठीत. एकोणीसला अडली. एकोणीसला सगळीच अडतात. आजीने सांगितलं, "विसाला एक उणा, म्हणून एकोणीस." त्या एका वाक्यात तिला एकोणतीस आणि एकोणचाळीसही कळले. मी वर्षभर तक्ता भिंतीवर लावून ठेवला होता.

तर मिश्रण फ्रीजमधून निघालं. आई तोवर खुर्चीत बसून आमची गंमत बघत होती. "कसली रे ही कॅडबरी," असं दोनदा म्हणून झालं होतं. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे चॉकलेट म्हणजे रावळगावची गोळी, आणि चॉकलेटला म्हणायचं कॅडबरी, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. मोठ्याने गोळा घेतला आणि दोन्ही तळव्यांत प्लेडोसारखा गोल गोल फिरवायला लागला. चॉकलेट हाताला चिकटून नुसता चिखल. कोकोआ बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खालीच. म्हणून चॉकलेट तोंडात विरघळतं, आणि म्हणूनच ते तळहातावरही विरघळतं. पोरांचे हात तर कायम गरम.

आईला ते बघवेना. उठलीच. "अरे चोळतोयस काय! वळ. एका हातात धर, बोटांनी दाब, फिरव, दाब, फिरव. तळव्याला कमी लागलं पाहिजे." तिने एका हाताने तीन-चार झटक्यांत एक वळून दाखवला. एका हाताने! मोठा बघतच राहिला. युट्यूबवर कोणीतरी करतं तसं समोर प्रत्यक्ष आजी करत होती. मग तिने सगळ्यांना गार पाण्याखाली हात धरून, कोरडे पुसून, कोको लावून पुन्हा बसवलं. आणि विचारलं, "यात वेलदोडा नाही का घालायचा?" घातला. जायफळही किसलं थोडं. छान लागतं, करून बघा.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. त्या दुपारी आमच्या घरात किती क्रियापदं वापरली गेली ते मी नंतर आठवून बघितलं. चिरणं, भाजणं, कुटणं, चाळणं, ढवळणं, मळणं, वळणं, घोळवणं. इंग्रजीत बघा, पोळी रोल करतात, लाडू रोल करतात, चटई रोल करतात, बाह्यासुद्धा रोल करतात. आपण पोळी लाटतो, लाडू वळतो, चटई गुंडाळतो, बाह्या सारतो. वाती वळतो, मूठ वळतो. हा फरक मुलाला कसा शिकवाल? रविवारच्या मराठी शाळेत शब्दार्थ म्हणून? मी स्वतः ती शाळा दोन वर्षं चालवायला मदत केली आहे, आणि तिचा मला आदर आहे, पण "वळणे" हा शब्द वहीत शिकता येत नाही. तो हाताने शिकायचा शब्द आहे. तेच "सैल", "घट्टसर", "भरड", "रवाळ" यांचं. त्या दिवशी मोठा म्हणाला, "आजी, माझं सैल झालंय." वाक्य संपूर्ण मराठीत, आपणहून, कोणी "मराठीत बोल" न म्हणता. आम्ही वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावर "मराठीत बोल" म्हणतोय आणि तो "ओके" म्हणतोय.

तुम्ही म्हणाल, मग लाडूच का नाही शिकवत? शिकवतोय ना. आता शिकवतोय. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला बेसन भाजण्यापासून सुरुवात करता येत नाही. लाडवातला अवघड भाग सुरुवातीलाच येतो: आच, तूप किती, पीठ कधी झालं हे वासावरून ओळखणं, पाक एकतारी की दोनतारी. ही सगळी मोठ्यांची कामं. वळणं हे शेवटचं आणि सोपं काम, आणि तेवढंच ट्रफलमध्ये मुलाच्या वाट्याला अगदी पहिल्या दिवशी येतं. स्वीडनमध्ये ओटमील, लोणी, साखर, कोको यांचे न भाजता केलेले गोळे घरोघरी करतात, चोकलाडबोल म्हणतात त्यांना, आणि तिथली मुलं स्वयंपाकघरात शिरतात ती बहुधा त्यांच्यापासूनच. आपण तेच केलं तर त्यात काही गमावत नाही.

आता दुसरी बाजू. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो, कारण दिवाळीत तुम्ही सगळे डबे वाटणार आहात.

त्याच आठवड्यात आम्ही एक साधा घाणा केला होता. डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा, कंडेन्स्ड मिल्क, लोणी, कोको. मोठ्याच्या मित्राला द्यायचा म्हणून मुद्दाम साधा. मी आईला विचारलं, "यात सुकामेवा नाही ना घातलास?" ती म्हणाली, "नाही रे, बदाम-काजू काही नाही." दुपारी चारला मी डबा पोचवला. मित्राच्या आईने दारातच विचारलं, यात नट्स आहेत का? मी छातीठोकपणे सांगितलं, अजिबात नाहीत.

संध्याकाळी सातला आई ओटा पुसताना म्हणाली, "बिस्किटाचं जरा सैल झालं होतं, मग दोन चमचे दाण्याचं कूट टाकलं. छान वळले गेले."

मी फोन केला, कोणी उचलेना. चपला घालून पळालो, दोन गल्ल्या पलीकडे घर. डबा फ्रीजवर होता, न उघडलेला. जेवणानंतर द्यायचा म्हणून ठेवला होता. त्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन पेन त्याच्या दप्तरात कायम असतं. मी सगळं खरं सांगितलं. त्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि हात धुवायला आत गेल्या. बरेच महिने त्यांनी आमच्याकडचं काही घेतलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही घेतलं नसतं.

चूक आईची नव्हती. मी शब्द चुकीचा वापरला. आपल्या "सुकामेव्या"त मनुका, बेदाणे, खजूर, अंजीर येतात, ज्यांचा नट्सशी संबंध नाही. आणि शेंगदाणे येत नाहीत, कारण ते आपल्या घरात मेवा नसून रोजचा मसाला आहेत. कोशिंबिरीत कूट, उसळीत कूट, वांग्यात कूट. तिळाच्या वड्या, चटण्या, सगळीकडे. आईला कोणी "शेंगदाणे घातलेस का" असं विचारलं असतं तर तिने लगेच हो म्हटलं असतं. वनस्पतिशास्त्राप्रमाणे शेंगदाणा शेंगवर्गातला आहे, बदाम-अक्रोड झाडावरचे, आणि इथल्या कायद्याच्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीतही दोन्ही वेगवेगळे लिहिलेले आहेत. त्याच यादीत तीळ आहेत, मोहरी आहे. अमेरिकेतही १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख पाकिटावर सक्तीचा झाला आहे. ब्रिटनमधल्या पालकांना नताशाचा कायदा माहीत असेल: नताशा एडनान-लापरूस ही १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये सँडविचच्या पावातल्या, पाकिटावर न लिहिलेल्या तिळामुळे गेली, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात तयार करून तिथेच पॅक केलेल्या पदार्थांवर सगळे घटक लिहिणं बंधनकारक झालं. आपल्या घरच्या डब्याला हा कायदा लागू नाही. म्हणून आपणच लिहायचं.

"जरासं खाल्लं तर काही होत नाही," "आमच्या लहानपणी कुठे होत्या असल्या ॲलर्ज्या," ही वाक्यं मी आपल्या लोकांकडून इतक्या वेळा ऐकली आहेत, आणि पूर्वी स्वतःही म्हटली आहेत. कृपा करून म्हणू नका. आणि हेही लक्षात घ्या की नट्स न घालता केलेला ट्रफल आपोआप नट्समुक्त होत नाही. चॉकलेटच्या पाकिटामागे बारीक अक्षरात "यात नट्सचे अंश असू शकतात" असं असतंच बहुतेक वेळा. बियांच्या पाकिटावरही असतं. तेव्हा ज्या घरी ॲलर्जी आहे तिथे आधी विचारा, पाकीट दाखवा, आणि ते "नको" म्हणाले तर राग मानू नका.

आई त्या रात्री जेवली नाही. सकाळी चहा पिताना तिने मला विचारलं की नक्की किती चालत नाही त्या पोराला. मी म्हटलं कणभरही नाही, चमचा लागलेलाही नाही. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे उपासाचं असतं तसं. कांद्याचा चमचा खिचडीत बुडवला की उपास मोडला. मग तसं सांगायचंस ना आधी!" झालं. एवढंच. मी जे चार वाक्यांत गुगलच्या भाषेत समजावत होतो ते तिला पन्नास वर्षं येत होतं. दुपारी तिने एक पातेलं, एक चमचा, एक झाकणाचा डबा वेगळा काढला, त्याला लाल रबर लावलं, मिक्सरचं भांडं तीनदा धुतलं. "हे त्या पोराचं," म्हणाली. ते भांडं आजही आमच्याकडे तसंच वेगळं आहे, आणि भोपळ्याच्या बियांचे ट्रफल त्यातच होतात.

उपास निघाला म्हणून आठवलं. ज्यांना फराळात चॉकलेट म्हणजे अतिक्रमण वाटतं त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीकडे एकदा नीट बघावं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा. मिरची तिकडची. पोर्तुगीज आणि त्यांच्यासारखे दर्यावर्दी हे सगळं घेऊन आले, आणि आपण त्यातून सगळ्यात सोवळा पदार्थ तयार केला. कोकोसुद्धा अमेरिका खंडातलाच, म्हणजे या मंडळींचा गाववाला. तो फक्त आपल्या स्वयंपाकघरात जरा उशिरा पोचला. एकादशीला ट्रफल खा असं मी म्हणत नाही, पण "आपलं" म्हणजे काय हे ठरायला दोन-तीन पिढ्यांचे हात लागतात, एवढं तरी मान्य करू.

आणखी एक, कारण प्रतिक्रियांमध्ये येणारच आहे. खजुराचे ट्रफल "हेल्दी" आहेत का? माझ्या मते मुलांना असलं काही सांगू नये. खजुरात साखर भरपूर असते, चॉकलेटमध्येही असते, आणि दुकानात एनर्जी बॉल म्हणून महाग विकले जातात तेही हेच. गोड आहे, सणाचं आहे, दोन खायचे आणि दात घासायचे. बेसनाच्या लाडवाला आपण कधी प्रोटीन बॉल म्हटलं नाही, मग याच्या कपाळावर कशाला लेबल? डार्क चॉकलेटमध्ये थोडं कॅफिन असतं, तेव्हा झोपायच्या आधी नको. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे बदाम-शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात, म्हणून भरड बारीकच करा. क्रीमचे फ्रीजमध्ये आठवडाभर, खजुराचे दोन आठवडे. अर्थात उरले तर.

ताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. ख्रिसमसला अनारसे? का नाही! पण अनारशाचं पीठ जमणारा माणूस आमच्या शंभर मैलांच्या परिसरात एकच आहे, आणि त्या ताई स्वतःच आहेत. ताई, तुम्ही पोरांना शिकवणार असाल तर आमची दोन आत्ता धरा.

मंडळाच्या साठ ट्रफलसाठी यंदाचा बेत असा: शनिवारी सकाळी तीन घरची सात मुलं आमच्याकडे येणार. अर्धे खजूर-अक्रोडाचे, वेगळ्या ताटात, चिठ्ठी लावून. अर्धे बियांचे, लाल रबरवाल्या भांड्यातले, चॉकलेटचं पाकीट आधी त्या मित्राच्या आईला दाखवून. हो, यंदा त्या स्वतः मदतीला येतो म्हणाल्या आहेत. चिठ्ठ्या मुलं लिहिणार, मराठीत आणि इंग्रजीत. "शेंगदाणे नाहीत" हे वेगळं लिहायचं, "सुकामेवा नाही" असं नाही, हे मोठ्याने मलाच बजावलंय.

काल त्याने आजीला स्वतःहून फोन लावला. माझ्या फोनवरून, पण स्वतःहून. तिला कराडात करायचे आहेत, बिल्डिंगमधल्या पोरांना घेऊन. तो सांगत होता, "आजी, तिकडे गरम आहे ना, क्रीमवाले नको करू, विरघळतील. खजूरवाले कर. आणि फार चोळू नको, वळ." पलीकडून आई म्हणाली, "बरं बाबा. ते कोको म्हणजे बोर्नव्हिटा चालेल का रे?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, चालणार नाही. बोर्नव्हिटात साखर आणि माल्ट असतं, कराडच्या काकांना नुसती कोको पावडर शोधायला सांगितलंय. तिथल्या कोणाला कुठल्या दुकानात मिळते ठाऊक असेल तर खाली लिहा.